वारा सरला का?

बहिरूच्या आतड्याला पीळ पडला आणि इंदिरानगरच्या छोट्या दवाखान्यात त्याचं पोट उघडावं लागलं. ऑपरेशन झकास झालं. टाके नीट, ताप नाही. फक्त वारा सरत नव्हता. आणि वारा सरल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद.

या डॉक्टर प्रतिभाबाईंची रीत न्यारी. इथं नातेवाइकांना कुणी हुसकत नसे. उलट पलंगाभोवती गोळा करून बाई सगळं समजावायच्या नि विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" बहिरूच्या बायकोला, कुसाबाईला, हे फार पसंत पडलं. तिला काय वाटतं ते ऐकून घ्यायला घरी कुणी उरलंच नव्हतं.

"पेशंटजवळ कायम एकच माणूस बसेल, बाकीचे येऊन-जाऊन. कोण, ते तुम्हीच ठरवा," बाई म्हणाल्या.

"आमची सून! सुवर्णा! पलंगापासून तसूभर हलायची नाय," कुसाबाईनं ठोकून दिलं. शेजारच्या पलंगावर चांदवडचा सहादू होता आणि त्याच्या उशाशी त्याची बायको नवसाबाई. तिची सून अजून फिरकली नव्हती, म्हणून कुसाबाईचा आवाज जरा चढाच. "लोकांच्या सुना सासऱ्याला पाणी देताना कपाळाला आठ्या घालत्यात. ही बघा!"

सुवर्णा खरंच हलेना. बहिरूला चालवायचं म्हटलं, की तो पुढं आणि हातभर मागं डोक्यावरून पदर घेतलेली सून, सलाईनची बाटली उंच धरून. देवाचा छबिना निघावा तसा थाट.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाबा, वारा सरला का?"

बहिरूनं भिंतीकडं तोंड केलं. "नाय."

"तासाभरानं नाकातून परत नळी घालू. तरी नाही झालं, तर पोट पुन्हा उघडावं लागेल."

बाई जाताच कुसाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली. "आवो, अडलंय तरी कुठं?"

"सकाळधरनं दाराशी येऊन उभा हाय," बहिरू कुजबुजला. "पन सून मागं असताना कसा सोडू? इज्जत हाय का नाय?"

"आवो, पोट फाडतील!"

"फाडू दे."

आता आली का पंचाईत! सुनेला उठवायचं ते नवसाबाईच्या देखत, आणि कारण तर सांगायची सोय नाही. कुसाबाई सुनेकडं वळली.

"सुवर्णे, ऊठ. घरी जा."

"आत्याबाई, माझं काय चुकलं?"

"काय नाय चुकलं. जा म्हनलं ना!"

सुवर्णाचे डोळे भरले. नवसाबाईला तर आयतंच सापडलं. "बघा बया! काल गुन गायली, आज हाकलली. सासू ती सासूच!"

कुसाबाई गप्प. उलटून बोलली नाही असं जन्मात पहिल्यांदाच घडलं. ते पाहून बहिरूसुद्धा घाबरला.

सुवर्णाही घरी जाईना. दारातच मुसमुसत उभी. तेवढ्यात डॉक्टरीणबाई नळी घेऊन आल्या. रडणारी सून पाहिली, लालभडक सासू पाहिली. "काय झालं? तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, समद्या बायामानसांनी भाईर जावं. तुमीबी!" कुसाबाईनं सांगून टाकलं.

बाईंनी बहिरूकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, ओठ दाबून धरला आणि सर्रकन पडदा ओढला. "चला, सगळ्या बाहेर!"

"मला कशाला लाजतोय? मी तर चांदवडची, परगावची," नवसाबाई कुरकुरली, पण निघाली.

व्हरांड्यात सगळ्या कान देऊन उभ्या. आत चिडीचूप. आणि मग, थंडीच्या दिवसांत विहिरीवरचं इंजिन धरतं तसं सुरू झालं. आधी एक भक. मग भक भक. मग सलग!

सुवर्णानं तोंडात पदर कोंबला. कुसाबाईनं त्र्यंबकेश्वराच्या दिशेनं हात जोडले. डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून हसत होत्या. नवसाबाईला सगळा उलगडा झाला नि तिनं कपाळावर हात मारला. "अगं बया, हे व्हतं व्हय! आन मी तुला नाय नाय ते बोलले!"

"बोल की आजून! आता उत्तर द्यायला मोकळी हाय मी," कुसाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"दोन चमचे पाणी द्या आता," डॉक्टरीणबाई डोळे पुशीत म्हणाल्या.

सुवर्णा आनंदानं पाण्याचा पेला घेऊन आत धावली. पडद्याआडून बहिरूनं बोंब ठोकली, "आगं ये, तिला थांबव! आजून हाय!"