नेमेसियाच्या कागदावरचं कारण

कोचाबांबा शहरातल्या इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या नेमेसियाची शेवटची केमो झाली होती. केमोनं घटलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या की ती घरी जाणार होती. तेवढ्यात आमच्या दोघींच्या मध्ये कोविडची खोकणारी बाई आणून ठेवली. दुसरीकडे म्हणे खाट नव्हती. नवव्या दिवशी नेमेसिया धापा टाकत गेली.

डॉक्टरांनी मृत्यूच्या कागदावर कारण लिहिलं, स्तनाचा कर्करोग.

"तिची गाठ तर तुम्हीच काढलीत," मी म्हणाले. "मग कोविड का नाही लिहीत?"

"मावशी, कॅन्सरचे पेशंट असेच जातात."

"मलाही कॅन्सरच आहे. माझा कागद आत्ताच लिहून ठेवा की."

त्यांनी कागदावर काही खाडाखोड केली नाही. नेमेसियाची मुलगी आली, तेव्हा मी तिला ती मधली खाट दाखवली. तिनं कागदावर सही करायला साफ नकार दिला.