चौथ्या पानावरची निळी खूण

परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवसापासून आमचा पंडित जमिनीच्या चार बोटं वरून चालायला लागला. पंडित म्हणजे माझा धाकटा भाऊ. नदीच्या गाळात पंधरा वर्षं नाक खुपसून बसल्यावर त्याला दोन वर्षांसाठी ‘पाहुणा संशोधक’ म्हणून बोलावणं आलं होतं. ‘पाहुणा’ या शब्दावरच स्वारी खूश. आल्यागेल्या सगळ्यांना त्याने पत्र दाखवलं. दर वेळी पहिलंच पान.

सत्र सुरू व्हायला पाच महिने होते आणि व्हिसाचे पर्याय दोन. पाहुण्याचा व्हिसा तीन आठवड्यांत मिळायचा. बायको-मुलीला नेता यायचं, पण बायकोला तिथे काम करायची बंदी. नोकरीच्या व्हिसाला तीन महिने, वर विद्यापीठाची हमी. पण त्यावर बायकोलाही कामाची मुभा.

“पाहुण्याचाच घेऊ,” पंडित म्हणाला. “सुटसुटीत आहे. तू जरा आराम कर दोन वर्षं.”

हे तो कोणाला म्हणाला? माझ्या भावजयीला. ती बारा वर्षं दातांच्या कवळ्या बनवतेय आणि सुट्टीच्या दिवशीही माणसाच्या डोळ्यांआधी त्याच्या दातांकडे बघते.

“आराम? दोन वर्षं हात बंद ठेवले तर परत आल्यावर मला मेण वितळवायलासुद्धा कोणी ठेवणार नाही. तुझ्या गाळाचं बरं आहे, तो वाट बघत बसतो.”

“अगं, पत्रातच ‘पाहुणा’ लिहिलंय. मी काय करू?”

“पत्र आण. सगळं.”

कवळी नीट बसते का हे बघायला ती वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद ठेवून कवळी मिटून बघते. जिथे निळं उमटतं, तिथे दात टोचतो. पत्रही तिने तसंच वाचलं. डाव्या हाताला पत्र, उजव्या हाताला व्हिसाचे नियम, मध्ये निळी पेन्सिल. चौथ्या पानावर पेन्सिल थांबली.

“इथे लिहिलंय, आठवड्याला दोन वर्ग शिकवायचे, परीक्षा घ्यायच्या, गुण द्यायचे. आणि नियम म्हणतो, पाहुण्याने वर्ग घ्यायचे नाहीत. पंडित, हे पान वाचलं होतंस?”

प्रश्न नीट न वाचणाऱ्या पोरांचे गुण कापणारा माझा भाऊ माझ्याकडे बघायला लागला.

“माझ्याकडे काय बघतोस? मला तर तू पहिलंच पान दाखवलंस.”

“पण ताई, आता हे उकरून काढलं आणि त्यांनी बोलावणंच रद्द केलं तर?”

भीती खोटी नव्हती. भावजयीने निळी पेन्सिल खाली ठेवली.

“तर माझ्यामुळे झालं म्हण. जन्मभर ऐकून घेईन. पण जायचं तर दोघांनी कामाची माणसं म्हणून जायचं.”

पंडितने विभागाला दीड पान लिहिलं, त्यात सहा वेळा क्षमस्व. तिने ते कातरून तीन ओळींचं केलं. क्षमस्व एकही ठेवलं नाही.

अकरा दिवस उत्तर नाही. तेवढ्यात पंडितचे पाय चांगले जमिनीला टेकले. दोनदा त्याने न सांगता भांडीही घासली. बाराव्या दिवशी तिथल्या सचिवबाईंनी कळवलं: बरं झालं विचारलंत, आमच्याही नजरेतून सुटलं होतं. शिकवणार असाल तर नेमणूक व्याख्याता म्हणूनच हवी. नवं पत्र आणि हमी सोबत आहे.

व्हिसाच्या खिडकीवर अधिकाऱ्याने भावजयीला विचारलं, “आपण काय करता?”

“दात.”

“म्हणजे डॉक्टर?”

“नाही. डॉक्टर काढतात, मी करते.”

तो तोंडावर हात ठेवून हसला. “खालची कवळी सैल आहे त्याची,” बाहेर आल्यावर ती मला म्हणाली.

पासपोर्ट परत आले. तिच्या व्हिसावर लिहिलं होतं: काम करण्यास परवानगी. तिने एकदाच वाचलं आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. मग मी ते मोठ्याने तीनदा वाचलं, आणि माझ्या भाचीने चौथ्यांदा.

जायच्या आदल्या दिवशी भावजयीने आपल्या सुऱ्या आणि कवळीचा जबडा उघडमीट करणारं ते जड पितळी यंत्र बॅगेत ठेवलं. काटा तीन किलो पुढे गेला. आम्ही तिघी पंडितकडे बघत राहिलो. तो मुकाट्याने खाली बसून आपली पुस्तकं बाहेर काढायला लागला. शेवटचं मात्र छातीशी धरलं.

“हे तरी राहू दे. मी स्वतः लिहिलंय.”

“पहिलं पान ने,” ती म्हणाली. “तेवढंच दाखवतोस.”