टाळूला चिकटलेलं वैर

मित्रांनो, मला पाहून कोणाचा चेहरा खुलल्याचं मला आठवत नाही. मी रिटेनर. दातांच्या तारा काढल्यावर सरळ झालेले दात पुन्हा वाकडे होऊ नयेत म्हणून तोंडात घालायची गुलाबी पट्टी. मागे टाळूला चिकटतो, पुढे दातांवरून माझी बारीक तार जाते.

माझा जन्म गुलबर्ग्याचा. डॉक्टर नागरत्ना यांनी दीपमालाच्या तोंडाचं माप घेतलं, त्यावरून पांढऱ्या प्लास्टरचा जबडा केला आणि त्या जबड्यावर एका कारागिराने मला घडवलं. पकडीने तार वाकवली, गुलाबी लगदा थापला, घासून घासून गुळगुळीत केलं. मी नीट बसेन असं तोंड जगात एकच होतं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. त्या तोंडाला मात्र पहिल्याच दिवशी माझा तिटकारा आला.

दीपमाला ही कमलनगरच्या धनराजरावांची थोरली मुलगी, कॉलेजात जाणारी. बसस्टँडजवळ त्यांचं कापडाचं दुकान. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, “जेवताना काढायचा, धुवायचा, डबीत ठेवायचा. बाकी सारा वेळ तोंडात.” पण मी तोंडात असलो की तिची जीभ अडखळायची, ‘स’ आणि ‘श’चा ‘थ’ व्हायचा. तिची धाकटी बहीण मंजुश्री याचीच वाट बघत असायची.

“अक्का, आईचं नाव सांग की एकदा!”

आईचं नाव सुशीलाबाई. दीपमाला नुसती दात-ओठ खायची.

“मीच सांगते. थुथीलाबाई!”

“गप गं, रानडुकरा!”

हे नाव मंजुश्रीला फार लागायचं. तिचा एक सुळा वर हिरडीतून निघून दुसऱ्या दातावर चढला होता. शाळेतही तिला तेच म्हणायचे. त्या बहिणींचं भांडण काही मी लावलं नव्हतं, पण मी घरात आलो आणि त्याला धार चढली. मंजुश्री आईच्या मागे लागायची, “मला बी तारा लावा.” सुशीलाबाई म्हणायच्या, “तिचं लगीन जवळ आलंय म्हनून तिचं केलं. तुझं बघू की पुढं.”

इकडे दीपमाला मला खिडकीत टाकून कॉलेजला जायची. डबी उघडीच. माझ्यावर धूळ बसायची, मुंग्या फिरायच्या. मला राग यायचा, मित्रांनो, खूप राग. जिच्यासाठी मी घडलो तिला मी नको होतो, आणि जिला हवा होतो तिच्यासाठी मी घडलोच नव्हतो.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मंजुश्रीने मला उचललं, आरशासमोर उभी राहिली आणि तोंडात कोंबलं. मी तिथे बसणार कसा? माझी तार तिच्या सुळ्याला अडली, कड हिरडीत रुतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने दोन्ही अंगठ्यांनी मला वर रेटलं. दुखतंय म्हणजे दात सरकतोय, असं तिला वाटलं असावं. मग मी अडकलो. बोटांनी निघेना, तेव्हा तिने स्वयंपाकघरातून सांडशी आणली आणि मला ओढलं. कडकन आवाज झाला. तार वाकली, पट्टीला तडा गेला. रक्त पुसून तिने मला गुपचूप डबीत ठेवलं.

संध्याकाळी दीपमालाने मला तोंडात घातलं आणि ओरडली. “कुनी मोडला ह्यो?”

“मला काय म्हाईत? तूच चावली असशील,” मंजुश्री म्हणाली. पण तिचा गाल सुजला होता. दीपमालाने तिची वेणी धरली, मंजुश्रीने तिच्या हाताला चावा घेतला. सुशीलाबाईंनी दोघींच्या पाठीत धपाटे घातले तेव्हा कुठे त्या सुटल्या.

“माझ्या तोंडातलं तुझ्या तोंडात घालायलीस? लाज न्हाई?”

“तुला तर नकोच हाय! खिडकीत फेकायलीस रोज!”

सूज सकाळपर्यंत वाढली. शेजारचे अण्णाराव डोकावले आणि सल्ला देऊन मोकळे झाले. “बाजाराच्या दिशी एक मानूस येतंय दात काढायला. त्यो वरचा सुळा उपटून टाका, वैनी. सूज बी जाईल अन् दात बी सरळ व्हतील.” सुशीलाबाईंना ते पटलं. मंजुश्री भिंतीला टेकून बसली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

तेव्हा दीपमाला उठली. मला वाटलं, आता ही टाळ्या पिटणार.

“न्हाई उपटायचा,” ती म्हणाली. “रानडुक्कर हाय ती, पर तिला बोळकी कामून करायलाव? आधी गुलबर्ग्याला डॉक्टरला इचारायचं.”

“तुला कामून तिचा पुळका आलाय?” आई म्हणाली.

“पुळका न्हाई आला. तिचं तोंड बी बघू वाटंना मला. तरी इचारायचं.”

धनराजरावांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. गुलबर्ग्याच्या बसमध्ये दोघी बहिणी दोन टोकांना बसल्या, आणि मी दीपमालाजवळच्या डबीत.

सुळा उपटण्याचं ऐकताच डॉक्टर नागरत्ना म्हणाल्या, “अय्यो, बेडा बेडा! नको हो! तो पक्का दात आहे. खाली दुधाचा दात पडायचा राहिलाय, त्यानं याची जागा अडवलीय. काढायचा तो दुधाचा. मग सुळा किती खाली सरकतो ते बघू. तारा लागल्या तर त्यानंतर. सूज हिरडीच्या जखमेची आहे, ती औषधानं उतरेल.” बाजारातल्या माणसाने नेमका नको तो दात काढला असता. मंजुश्री हमसून हमसून रडली. दीपमालाने रुमाल पुढे केला, पण तोंड दुसरीकडे फिरवूनच.

मग दीपमालाची पाळी आली. “तू हा घालतच नव्हतीस,” डॉक्टर म्हणाल्या. “तुझे पुढचे दात बघ, सरकलेत. दात हट्टी असतात. धरून ठेवले नाहीत की जुन्या जागेकडे निघतात. आता नवीन करावा लागेल.”

निघताना त्यांनी मला तळहातावर धरून विचारलं, “हा न्यायचा का घरी?”

“नको!” दोघी एकदमच म्हणाल्या.

त्या दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, आता मी डॉक्टरांच्या टेबलावर काचेच्या बरणीत असतो. येणाऱ्या मुलांना त्या माझा तडा दाखवतात. मी काही तुमच्याकडे माया मागत नाही. माझा राग आला तर खुशाल शिव्या द्या. पण शिव्या देऊन झाल्या की मला धुवा, तोंडात घाला, काढलात तर डबीत झाकून ठेवा. दुसऱ्याचा रिटेनर कधी तोंडात घालू नका. आणि कोणी दात उपटा म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा. दात एकदा गेला, की त्याला परत ये म्हणून सांगता येत नाही.