तीनशे बद्द कप

"आजचा सगळा माल बद्द आहे," कानबाईने जाहीर केलं आणि आणखी एक कप टाकाऊच्या पेटीत घातला.

कपबशांच्या कारखान्यात तिचं काम एकच. लाकडी दांडीने कपावर टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजला तर कप पुढे, बद्द वाजला तर पेटीत. डोळ्याला न दिसणारी चीर तिच्या कानाला सापडायची. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

तिने दांडी बदलली, जागा बदलली, कान रुमालाने पुसले. डोकं तीन दिवस ठणकत होतं. पण डोकं धरून घरी बसणाऱ्यांना बघून तिने इतकी नाकं मुरडली होती की आता स्वतः घरी बसायची सोय उरली नव्हती. "भट्टीवाल्यांनी झोपा काढल्यात नुसत्या," ती करवादली. एका जागी बसवेना, थांबवेना. दुपारपर्यंत तीनशे कप पेटीत गेले.

मुकादम धावत आला. त्याचं तोंड नुसतंच हलत होतं.

"अहो, बोला की! तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

सगळ्या बायका काम टाकून तिच्याकडे बघू लागल्या. समोरचा पंखा गरगरत होता, आणि त्याचाही आवाज नव्हता.

इस्पितळात डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: डोक्यातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या झाल्यात. रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत. जिवाचा धोका टळला. ऐकू येईल की नाही, आज सांगता येत नाही.

त्यातला 'आज' तेवढा तिने धरून ठेवला. तासातासाला नवऱ्याला म्हणायची, "काहीतरी बोला हो." जन्मात पहिल्यांदा बोलायची मुभा मिळालेला तो बिचारा बोलून बोलून रडकुंडीला आला.

आठव्या दिवशी मुकादम भेटायला आला. बावीस वर्षं हा माणूस तिच्याशी एकेका कपावरून भांडला होता.

"त्या कपांचं काय झालं?" तिने विचारलं.

त्याने पेन काढून लिहिलं: 'परत तपासले. सगळे बद्दच निघाले. तुमचंच बरोबर होतं.'

एका दिवसात तीनशे कप कधीच बद्द निघत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. कानबाईला भडभडून आलं.

"माझ्या जागेवर कोणाला बसवलंत?" तिने विचारलं. "कान चांगला आहे ना तिचा?"