मास्तरांचे गुण

“कंदील, पूल, सुई...” एवढं म्हणून मास्तर अडले. अर्ध्या तासापूर्वी ऐकवलेल्या पंधरा शब्दांपैकी पुढचा एकही त्यांना आठवेना. समोर नर्स तक्ता घेऊन बसली होती. तिचा हात धरून पहिलं अक्षर याच माणसानं गिरवून घेतलं होतं.

“मास्तर, शिवायला सुई, तशी कापायला?”

“कात्री!” मास्तरांचा चेहरा खुलला.

असा आणखी हात देत देत तिनं गाडं ओढलं आणि तक्त्यात दहा लिहिले.

त्या दवाखान्यात एका झाडपाल्याच्या अर्काची चाचणी चालली होती. म्हातारपणचा विसर त्यानं थोपतो का, ते बघायचं होतं. निम्म्यांच्या गोळ्यांत अर्क, निम्म्यांच्या नुसतं पीठ. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. दर तीन महिन्यांनी परीक्षा घ्यायची आणि पहिल्या वेळेपेक्षा चार गुण घसरले, की माणसाला मेंदूच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं. मास्तरांचे पहिल्या वेळचे गुण होते नऊ.

नियम तिला तोंडपाठ होता. पण बाहेर बसलेल्या बायकोला मास्तर ऐटीत सांगत, “डोकं शाबूत आहे हो अजून!” ते ऐकून तिला बरं वाटे. पुढच्या दोन्ही खेपांना तिनं तेच केलं.

त्यानंतरच्या खेपेला मास्तर आलेच नाहीत. जिन्यात पडले होते. तपासणीत कळलं, मेंदूत कधीचं पाणी साचलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण तज्ज्ञ म्हणाले, “सहा-सात महिने आधी आणायला हवं होतं.”

चाचणी संपल्यावर कोणाला काय दिलं त्याच्या याद्या उघडल्या. मास्तरांना मिळत होतं ते पीठच.

तिनं डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

“दया आली?”

“हो.”

“अगं, दया करायला आम्ही होतो ना सगळे. तू फक्त खरा आकडा द्यायचास.”

ते आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिची बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली.

त्या रविवारी ती मास्तरांच्या घरी गेली. बायको त्यांना भरवत होती. दारातच उभं राहून तिनं काही न लपवता सांगितलं. बायकोचा चमचा वाटीतच राहिला.

“दर वेळी कसे खुशीत यायचे घरी,” ती एवढंच बोलली. मग पदरानं मास्तरांचं तोंड पुसून म्हणाली, “मला काय सांगतेस? त्यांना सांग.”

नर्स मास्तरांसमोर गेली. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. ही कोण, कशाबद्दल बोलतेय, यातलं काहीच त्यांना उमगत नव्हतं. मध्येच तिला रडू फुटलं, तशी खाटेवर दोन्ही हात रोवून ते कष्टानं थोडे बाजूला सरकले आणि तिला बसायला जागा करून दिली.