सरळ केलेल्या रेघा

बापलेकीचं शेवटचं भांडण एका दारावरून झालं, आणि तेही अंतराळातल्या दारावरून.

दुपारचे बारा वाजून गेले होते. खिडकीजवळच्या उतरत्या मेजावर बाबा पान एकशे अकरा शाईने पक्कं करत होते. शेजारी लेक लॅपटॉपवर तो व्हिडिओ गेम खेळून दाखवत होती, ज्यावरून ही चित्रकादंबरी बेतलेली होती. शब्द तिचे, चित्रं त्यांची. खेळ तसा साधा. माणसं सोडून गेलेलं एक अंतराळस्थानक, मागे राहिलेला एक म्हातारा राखणदार, त्याच्या हातात विजेरी. गेलेली माणसं पुरती गेलेली नसतात. कुठे खुर्ची आपोआप फिरते, कुठे खुंटीवरचा कोट हलतो. राखणदाराने एकेक दिवा लावत शेवटच्या दारापर्यंत पोचायचं.

"दार उघडं दाखवा," ती म्हणाली. "खेळात उघडतं."

"खेळात खेळणारा उघडतो. इथे वाचणारा पान उलटणार. मीच दार उघडून ठेवलं तर त्याने काय करायचं, जांभया द्यायच्या?"

"बाबा, गेम कंपनीने मंजूर केलेल्या संहितेत स्पष्ट लिहिलंय..."

"मास्तरीणबाई, कंपनीला कळवा की म्हातारा ऐकत नाही."

लहानपणी ती त्यांच्या चित्रांतल्या पाट्यांवरच्या चुका काढायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं होतं.

"जेवायला येताय, की ताटं त्या राखणदाराकडे धाडू?" आईने आतून तिसरी हाक मारली.

"धाड! बिचारा एकशे दहा पानं उपाशी आहे."

दार शेवटी बंदच राहिलं.

चाळीस वर्षं बाबांनी चित्रांवर शाई चढवली होती. साहसकथा, शाळेची पुस्तकं, औषधांच्या जाहिराती, जे मिळेल ते. गेल्या दोन वर्षांत त्यांचा हात थरथरू लागला होता. कप धरताना नाही, टाक धरताना. "हल्ली निबंच वाईट येतात," असं म्हणून त्यांनी निबांच्या चार डब्या बदलल्या. घरात सगळ्यांनी निबांना शिव्या घातल्या. थरथर हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही.

स्कॅन करायचं काम लेकीकडे. ती पानं आपल्या घरी न्यायची आणि प्रकाशकाकडे धाडण्याआधी संगणकावर रेघा सरळ करायची. आधी फक्त एक खुर्ची केली. मग एक कपाट. पुढे पुढे एकही पान सोडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजवायची. मूठ बाबांची होती आणि झाकत होती ती, एवढाच काय तो फरक.

पहिल्या चाळीस पानांची छापील प्रत आली तेव्हा बाबांनी ती चष्म्याशी नेऊन बराच वेळ पाहिली होती. "छापलं की माझा हात बघ कसा बरा दिसतो," ते म्हणाले होते. ती तेव्हा स्कॅनरची वायर गुंडाळत होती. तिने गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

भांडणाच्या त्या दिवशी संध्याकाळी, ती गेल्यावर, त्यांनी पान एकशे बारा पुरं केलं. शेवटचं पान. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करायला उभे राहिले आणि आरशासमोरच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात संपादकांचा निरोप आला, अगदी हळू आवाजात, पण आला: शेवटची दोन पानं यायची राहिलीत. तिने ती दोन पानं स्कॅनरवर ठेवली. काचेखालून दिवा सरकला तशी निबाची करकर ऐकू आली. यंत्रच करकरत होतं, तिला ठाऊक होतं. तरी तिने मान वळवून पाहिलं.

रेघा सरळ करायला ती बसली, पण हात पुढे होईना. पानं तशीच धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकांचा फोन आला. "ही शेवटची दोन पानं कुणी काढली?"

"बाबांनीच."

"मग आधीची?"

"तीही त्यांनीच."

"कसं सांगू ताई, राग मानू नका. या दोन पानांत भिंतीमागे कुणीतरी आहे. खुंटीवर नुसता कोट आहे, पण तो आत्ताच कुणीतरी काढून ठेवलाय असं वाटतं. आधीच्या एकशे दहा पानांत स्थानक नुसतं रिकामं आहे. गेमवाले म्हणाले, पहिल्यांदाच भीती वाटली. आता काही होण्यासारखं नाही म्हणा. सोमवारी छपाईला जातंय."

"सोमवारी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने पान सदतीस उघडलं. मूळ रेघा तिने पुसल्या नव्हत्या, खालच्या थरात लपवल्या होत्या. एक कळ दाबली की चित्र गुळगुळीत, पुन्हा दाबली की खालची थरथर वर यायची. ती दाबत राहिली. बाबा गेले. बाबा आले. बाबा गेले.

पाचव्या-सहाव्या खेपेला तिला ते दिसलं. राखणदाराच्या विजेरीच्या उजेडातली जमीन अगदी सरळ होती. ती पट्टी लावून ओढलेली होती, तिथे तिने काहीच केलेलं नव्हतं. थरथर होती ती फक्त गेलेल्या माणसांच्या वस्तूंत. खुर्ची, नळ, कोट, अर्धवट लोटलेलं कपाट. पान अडतीस, एकोणचाळीस, पन्नास, नव्वद, सगळीकडे तेच. पट्टी त्यांच्या हाताशीच होती. जिथे नको होती तिथे त्यांनी ती लावली नव्हती. हाताने दगा दिला, तर त्यांनी त्या दग्यालाच कामाला लावलं. आणि लेकीने पानापानावरून ती माणसं शोधून शोधून पुसली होती.

छापील प्रत त्यांनी तेवढा वेळ का पाहिली, हे तिला आत्ता कळलं.

एकशे दहा पानं पूर्ववत करणं म्हणजे एका रात्रीचंही काम नव्हतं. संपादकांना सांगायला स्कॅनर बिघडला होता हे पुरलं असतं. पण पुस्तक आईच्या हातात पडणार होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढे आई ती छापील चाळीस पानं धरायची आणि म्हणायची, "बघा, शेवटपर्यंत हात हलला नाही यांचा." त्या एका वाक्यावर आईने तीन आठवडे काढले होते.

ती आईकडे गेली. आई मेज पुसत होती. शाईच्या बाटलीभोवती पुसायचं आणि बाटली जागची हलवायची नाही, अशी तिची रीत झाली होती.

"बस. जेवलीस?"

"जेवले."

"खोटं बोलतेस. बापासारखीच, तोंडावर दिसतं." आईने फडकं झटकलं. "पुस्तक अडलं का कुठे?"

"अडलं नाही. रविवारपर्यंत पानं बदलता येतील. त्याआधी तुला सांगायचंय."

"मग सांग ना. उभी का?"

ती बाबांच्या स्टुलावर बसली. ते गेल्यापासून त्यावर कुणी बसलं नव्हतं. आईने पाहिलं.

"आई, बाबांचा हात हलत होता. दोन वर्षं. तू जी पानं सगळ्यांना दाखवतेस, त्यातल्या रेघा मी सरळ केल्यात. त्यांना न विचारता. त्यांना कळलं होतं, आणि मी कधी बोलते याची ते वाट बघत होते, असं मला वाटतं."

आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"त्यांना वाईट वाटू नये म्हणून केलं, असं मी मनाशी म्हणत आले. तसं नव्हतं, आई. मला त्यांचा हात बघवत नव्हता."