भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुना खाकी कागद आहे. खरं तर माझ्या नशिबी एखादा वॉकर गुंडाळणं तेवढं लिहिलेलं होतं. आजारी माणसांसाठी व्हीलचेअर, वॉकर, पलंग भाड्याने देणाऱ्या दुकानात मी भेंडोळ्यातून आलो. पण एका सकाळी ताईने मला हातभर लांब फाडलं, चिकटपट्ट्या लावून भिंतीवर डकवलं, आणि माझा जन्म सार्थकी लागला.

ताई दुकानासाठी कॉम्प्युटरची यंत्रणा आखायला आली होती. आधी कागदावर, मग यंत्रावर, ही तिची शिस्त. कोणती माहिती कुठून येते, कुणाकडे जाते आणि कुठे मुक्काम करते, ते ती माझ्यावर काढत असे. गोल म्हणजे काम, बाण म्हणजे माहितीची वाट, दोन आडव्या रेघा म्हणजे नोंदी ठेवायची जागा. पेन्सिलीने गुदगुल्या व्हायच्या आणि खोडरबराने अंग हुळहुळायचं, पण मला ते आवडायचं. मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. त्या आल्यागेल्याला मला दाखवत आणि म्हणत, "हे बघा, आमचं अख्खं दुकान!" मग मी असा फुगायचो, की चिकटपट्टीच सुटायची बाकी राही.

दुकानात एक काका होते. परत आलेल्या चाकांच्या खुर्च्या तेच दुरुस्त करत. माणूस मितभाषी, शब्द तोलूनमापून खर्च करणारा. ताईने त्यांना विचारलं, "काका, खुर्ची परत आली, हे तुम्हाला कोण सांगतं?"

"कुणी नाही."

"मग कळतं कसं?"

"दिसतं की."

काका थट्टा करतायत असं ताईला वाटलं. ना चिठ्ठी, ना वही, मग बाण काढायचा कशाचा? तिने काकांचा गोल पुसून टाकला आणि 'परत आली' पासून थेट 'द्यायला तयार' पर्यंत सरळ बाण ओढला. वहिनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "काका, कॉम्प्युटर आला की तुम्ही अर्धा दिवस आलात तरी चालेल." काकांनी हातातला पाना उगाचच दोनदा पुसला. मला तेव्हा फार वाईट वाटलं, पण कागदाला तोंड कुठे असतं?

यंत्रणा बसवण्याआधी आठवडाभर माझ्याबरहुकूम काम करून बघायचं ठरलं. तिसऱ्याच दिवशी एक निवृत्त मास्तर मुलीबरोबर आले. एरवी खुर्ची काकाच काढून देत, पण ते मागच्या खोलीत होते. माझ्या बाणाप्रमाणे सकाळीच परत आलेली खुर्ची 'तयार' होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. वहिनींनी ती फिरवली आणि मास्तरांना बसवलं. दाराबाहेरच्या उतारावर मुलीने ब्रेक लावला आणि ती चप्पल नीट करायला वाकली. ब्रेक लागलाच नव्हता. खुर्ची रस्त्याकडे निघाली. मुलीची किंकाळी ऐकून काका धावले आणि त्यांनी चाकापुढे आपला पाय घातला. मास्तरांना खरचटलंही नाही. काकांची नडगी मात्र सोलून निघाली.

निरोप मिळताच ताई आली आणि काकांशेजारी जमिनीवरच बसली. "काका, चुकलं माझं. दिसतं म्हणजे काय दिसतं?"

"अगं, भिंतीकडे तोंड असलं तर तपासायची राहिलीय. दाराकडे असलं तर खुशाल द्यावी. परत आलेली मीच फिरवून ठेवतो. लिहीत कोण बसणार?"

"काका, हीच तर माहिती!"

"असं? म्हणजे इतकी वर्षं मी माहितीच फिरवत होतो म्हण!"

काका पहिल्यांदाच खळखळून हसले. वहिनींचे डोळे भरून आले. "अर्ध्या दिवसाचं बोलले ते विसरा, काका," त्या म्हणाल्या. ताईने नवा गोल काढला, 'तपासणी बाकी'. शेजारी काकांनी स्वतः एक इवलीशी खुर्ची काढली, पाठमोरी. काढताना त्यांचा तेलकट अंगठा माझ्या कोपऱ्यावर उमटला.

मग कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली, कडा कुरतडल्या गेल्या. एके दिवशी काकाही यायचे थांबले. त्यांची पावलं ओळखीची होती. मी कितीतरी दिवस कान देऊन होतो.

परवा जुनी यंत्रणा बदलायला एक तरुण आला. आता दुकान वहिनींच्या सूनबाई बघतात. तो त्यांना म्हणाला, "हा 'तपासणी बाकी' टप्पा काढून टाकू. उगाच एक काम वाढतं." सूनबाई मान डोलावणार, इतक्यात मागून आवाज आला, "थांब. आधी कपाटावरचा तो कागद काढ."

वहिनी होत्या. आता त्या स्वतःच दुकानातल्या एका चाकांच्या खुर्चीत बसतात. मला त्यांच्या मांडीवर उलगडण्यात आलं. कितीतरी वर्षांनी अंगावर उजेड पडला. वहिनींनी त्या तेलकट डागावर बोट ठेवलं आणि मास्तरांची हकिगत सांगितली. तरुणाने निमूटपणे तो टप्पा राहू दिला. संध्याकाळी एक खुर्ची परत आली. कुणी न सांगता सूनबाई उठल्या आणि त्यांनी ती भिंतीकडे फिरवली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्या कागदांवर बाण काढाल. ज्याचे हात कामात मळलेत, त्याला आधी विचारा, आणि तो "दिसतं की" म्हणाला तर तिथून उठू नका. माझं म्हणाल, तर आता मला पुन्हा भिंतीवर लावणार आहेत. माझे तीन कोपरे फाटलेत, त्यांना हवी तशी चिकटपट्टी लावा. चौथ्यावर तेवढी लावू नका. तिथे काकांचा अंगठा आहे.